गाडीखालची रेघ

माझं तोंड फाटकं आहे, हे मला नव्याने कुणी सांगायची गरज नाही. आई सांगायची, आता नवरा सांगतो, आणि कामावरच्या लोकांनी तर ते कधीच गृहीत धरलंय. पण हात चोख आहे, असंही सगळे त्याच दमात म्हणायचे. त्या दुसऱ्या वाक्याच्या जोरावर पहिलं वाक्य मी एकवीस वर्षं मिरवलं.

माझं काम जमिनीखाली काय आहे ते वरून सांगायचं. कुणाला रस्ता खणायचा असला, की त्याने आधी आमच्या कचेरीत कळवायचं. मग मी गाडी घेऊन जाते. हातात लांब दांड्याचं एक यंत्र असतं. गॅसचा पाइप प्लास्टिकचा असला तरी त्याच्या अंगाला लागून एक बारीक तार पुरलेली असते. एका टोकाला त्या तारेत सिग्नल सोडायचा आणि दांडा जमिनीवरून डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे फिरवत पुढे जायचं. पाइप बरोबर पायाखाली आला की यंत्राचा सूर बदलतो. तिथे रंगाचा ठिपका मारायचा. गॅसला पिवळा, पाण्याला निळा, विजेला लाल. दर पावलाला एक ठिपका, आणि शेवटी ठिपके जोडून रेघ. म्हणून मला सगळे रेघबाई म्हणतात. आधी पाठीमागे म्हणायचे, मग तोंडावर म्हणायला लागले, आता हजेरीच्या कागदावर तेवढं यायचं बाकी आहे.

नियम सोपा आहे. रेघेच्या दोन्ही बाजूंना हातभर जागेत खणायचं मशीन चालवायचं नाही. तिथे माणसाने फावड्याने, जपून खणायचं. त्याच्या बाहेर मशीन चालेल. म्हणजे मशीनवर बसलेल्या माणसाला पाइप दिसत नाही, दिसते ती माझी रेघ. नव्या लोकांना शिकवायला मला बोलावत, तेव्हा मी फुटलेल्या पाइपांचे आणि जळालेल्या केबलींचे फोटो दाखवायचे आणि विचारायचे, "हे ज्याने केलं त्याला त्या रात्री झोप लागली असेल का?" लोक माना खाली घालायचे. मला ते फार आवडायचं, हे आता कबूल करते.

काका मशीनवर बसायचे. सगळेच त्यांना काका म्हणत, मुकादमसुद्धा, आणि मुकादम त्यांच्यापेक्षा फार लहान नव्हता. तीस वर्षांत त्यांच्या मशीनच्या बकेटने, म्हणजे माती उचलणाऱ्या दातेरी सुपाने, एकही लाइन तोडली नव्हती. आमच्या धंद्यात हे सांगितलं तर ऐकणारा आधी हसतो, मग विचारतो, खरंच? बकेटच्या दातांनी ते नुसती वरची पापुद्र्याएवढी माती काढत. मशीनवर बसण्याआधी ते खाली उतरून माझी रेघ या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत जात, हात पाठीमागे बांधून, आणि एक अक्षर न बोलता परत येऊन चढत. माझ्याशी भांडण न झालेला कामावरचा तो एकटाच माणूस.

त्या शुक्रवारी मी एका अरुंद रस्त्यावर खुणा करत होते. तिथे पाण्याची नवी लाइन पडायची होती, जुन्या गॅसच्या लाइनीला समांतर, तिच्यापासून हातभराहून थोडी जास्त लांब. रस्त्याच्या एका बाजूला घरं, दुसऱ्या बाजूला चार दुकानं. गाडी मी त्यातल्या एका सलूनसमोर लावली, मागचं दार उघडलं, रंगाचे डबे खाली काढले आणि कामाला लागले.

अर्ध्या तासाने सलूनवाला बाहेर आला. हातात कंगवा तसाच.

"बाई, गाडी जरा पुढे घ्या. गिऱ्हाइकाला दुकान दिसत नाही."

"दुकान काय पळून जाणार आहे का? ज्याला केस कापायचेत तो शोधत येईल."

"दहा पावलं पुढे घ्या एवढंच म्हणतोय."

खरं तर तो नीट बोलत होता. पण सकाळपासून माझं डोकं फिरलेलं होतं. कशाने फिरलं होतं ते आता आठवतही नाही, इतकं ते क्षुल्लक असणार. मी म्हटलं, "सरकारी परवानगीचं काम चालू आहे. काम संपेपर्यंत ही गाडी तसूभरही हलणार नाही. तक्रार करायची असेल तर करा." शेजारच्या दुकानातली दोन माणसं बघायला बाहेर आली. बघणारे आले की माझा आवाज आणखी चढतो. सलूनवाला आत गेला. मी जिंकले.

मग मी ठिपके मारत मारत पुढे आले, आणि तासाभरात माझ्या गाडीपाशी पोचले. लाइन गाडीखालून जात होती.

गाडीची किल्ली माझ्या खिशात होती. डबे आत टाकायचे, दार लावायचं, दहा पावलं पुढे घ्यायची, दोन मिनिटांचं काम. मी किल्लीला हातसुद्धा लावला. तेवढ्यात सलूनच्या काचेतून तो माझ्याकडे बघतोय असं मला दिसलं. गाडी हलवली असती तर त्याला वाटलं असतं, त्याच्यामुळेच हलवली. काम संपेपर्यंत हलणार नाही, हे मी चार लोकांसमोर बोलून बसले होते.

मी गाडीला वळसा घातला. पलीकडून पुन्हा दांडा फिरवला, सूर लागला, ठिपके मारत शेवटपर्यंत गेले. गाडीच्या अलीकडचा शेवटचा ठिपका आणि पलीकडचा पहिला, दोन्ही एका रेषेत होते. मधे चार पावलांची जागा. एकवीस वर्षांत मी हजारो लाइनी बघितल्या, इकडून सरळ आणि तिकडून सरळ असलेली लाइन मधे कशाला वाकडी होईल, असं मी स्वतःला सांगितलं. सगळं काम संपल्यावर मान ताठ ठेवून गाडी पुढे घेतली, दोन ठिपक्यांमधे दोरी ताणली आणि पिवळी रेघ मारून टाकली. सुंदर आली होती. तिचा फोटो काढून मी कचेरीत पाठवला.

सोमवारी सकाळी मी दोन रस्ते पलीकडे होते. आधी शिटीसारखा आवाज आला, मग तो वाढत जाऊन थांबेचना. आमच्यापैकी कुणालाही तो आवाज ओळखायला वेळ लागत नाही. मी यंत्र तिथेच टाकून धावले.

काकांनी मशीन बंद केलं होतं आणि ते दारोदार पळत होते. "बाहेर या, दिवे लावू नका, बंदही करू नका, आहात तसे बाहेर या." अठ्ठावन्न वर्षांचा माणूस, पण आवाज रस्त्याच्या दोन्ही टोकांना पोचत होता. लोक घरच्या कपड्यांत बाहेर येत होते. एका बाईच्या हाताला कणीक होती. सलूनमधून एक गिऱ्हाईक गळ्यात पांढरं कापड घेऊन आलं, डोक्याची एक बाजू कापलेली, दुसरी तशीच. एका घरातल्या म्हाताऱ्या आजींना चालता येत नव्हतं, त्यांना काका आणि मुकादम खुर्चीसकट उचलून घेऊन गेले. आजी सारख्या म्हणत होत्या, "माझी चप्पल राहिली." पंचवीस मिनिटांनी गॅसवाल्यांनी व्हॉल्व्ह बंद केला. आवाज थांबला. कुणाला काही झालं नाही. हे मी नंतर स्वतःला किती वेळा सांगितलं असेल याला गणती नाही.

मी खड्ड्याच्या कडेला गेले. पाइप दिसत होता. उडालेल्या मातीखाली तिथली रेघ झाकली गेली होती, पण दोन्ही टोकांवरून नजर ताणली तर पाइप तिच्यापासून चांगला हातभर बाहेर आला होता, नव्या खड्ड्याच्या बाजूला, पोट पुढे काढून. चार पावलं पुढे जाऊन पुन्हा जागेवर परतत होता.

"इथं पूर्वी झाड होतं," कुणीतरी माझ्या बाजूला म्हणालं. सलूनवाला होता. "माझ्या वडिलांच्या वेळी. मोठं होतं. पाइप टाकणाऱ्यांनी तेव्हा त्याला वळसा घातला असेल. नंतर झाड गेलं." मग त्याने माझ्याकडे पाहिलं. "त्या दिवशी तुमची गाडी नेमकी इथंच होती की. नशीब तेव्हा फुटलं नाही, नाहीतर गाडी गेली असती."

त्याच्या मनात काहीही नव्हतं. त्याला माझी काळजी वाटली होती.

तेवढ्यात मुकादम कागद घेऊन आला. त्याला लगेच वर कळवायचं होतं. "रेघबाई, विचारायचं म्हणून विचारतो. खूण बरोबर होती ना?"

तिथे मला हो किंवा नाही म्हणता आलं असतं. दोन्हींतलं काहीच मी म्हटलं नाही. मी नेहमीच्या आवाजात म्हटलं, "माझी खूण कधी चुकली आहे?"

"तेच म्हणतो मी," मुकादम म्हणाला, आणि त्याने कागदावर काहीतरी लिहिलं. काका मागे उभे होते. त्यांनी सगळं ऐकलं. ते मशीनकडे बघत होते, मग आपल्या हातांकडे बघायला लागले.

गॅसची दुरुस्ती करणारे आले. त्यांनी मोठा खड्डा काढला, त्यात माझी रेघही गेली. वाकलेला तुकडा कापून त्यांनी ट्रकवर टाकला आणि मधे नवा पाइप सरळ जोडला, कारण आता वळसा घालायला झाड नव्हतं. तुकडा वाकडा का होता हे त्यांनी कुणाला विचारलं नाही. त्यांचं काम गळती बंद करणं, ते त्यांनी दुपारपर्यंत केलं. संध्याकाळी माती बुजवली तेव्हा पाइप जमिनीखाली बरोबर मी काढलेल्या रेघेवरून जात होता. आता कुणीही यंत्र फिरवलं असतं तरी मी खरी ठरले असते.

आणि काका खोटे. रेघेला हातभर सोडून खणायचं असताना त्यांची बकेट रेघेवर गेली, असा त्याचा अर्थ झाला. त्यांना चौकशी होईपर्यंत घरी बसायला सांगितलं. चौकशी गुरुवारी होती. चूक त्यांची ठरली तर मशीन चालवण्याचा परवाना जाणार, आणि या वयात तो परत कोण देणार?

घरी आल्यावर मी नवऱ्यावर तीन वेळा खेकसले. एकदा मीठ कमी म्हणून, एकदा दार जोरात लावलं म्हणून, आणि एकदा तो गप्प बसला म्हणून. नवरा शांत माणूस आहे, माझ्याबरोबर राहायचं तर दुसरा इलाज नाही. त्याने भांडी धुतली, हात पुसले आणि विचारलं, "काय केलंस?"

काय झालं असं त्याने विचारलं नाही. मी सगळं सांगितलं. सलूनवाल्याचं, किल्लीचं, दोरीचं. सांगताना मला वाटत होतं की तो म्हणेल, होतं असं, माणूस आहे. तो म्हणाला, "उद्या सांगणार ना?"

"एवढी वर्षं मेले मी त्या कामासाठी. एका चुकीपायी—"

"मी तेवढंच विचारलं, उद्या सांगणार ना?"

"सांगेन," मी म्हटलं.

मंगळवारी सांगितलं नाही. मंगळवारी मी काकांची चूक शोधली. दर दहा पावलांवर हाताने एक खड्डा काढून पाइप डोळ्यांनी बघायचा असतो. त्यांनी तो त्या चार पावलांच्या दोन्ही टोकांना काढला होता, नियमात बसेल असा. गाडीच्या जागेवर मात्र नव्हता. तिथे काढला असता तर रेघेखाली पाइप नाही हे दिसलं असतं आणि काका थांबले असते. म्हणजे थोडी चूक त्यांचीही आहे, असं मी दिवसभर मनात घोळवत राहिले. संध्याकाळपर्यंत मला ते जवळजवळ पटलं होतं. इतक्या खालच्या पातळीवर मी कधी उतरले नव्हते, आणि उतरताना मला पायऱ्यासुद्धा लागल्या नाहीत.

बुधवारी संध्याकाळी मी काकांच्या घरी गेले. त्यांना आधी सांगायचं, मग साहेबांना, असं ठरवून गेले होते. दार काकूंनी उघडलं. त्यांचं घर दोन खोल्यांचं, लख्ख. टेबलावर चष्म्याची नवी डबी होती.

"ये गं," काकू म्हणाल्या. "बरं झालं आलीस. तीन दिवस तोंडात शब्द नाही यांच्या."

काका खिडकीपाशी बसले होते. मला बघून उठले, खुर्ची पुढे केली. मी म्हटलं, "काका, मला बोलायचं होतं."

"मला माहितेय तू का आलीस," ते म्हणाले. "तुला वाटलं असेल, मी स्वतःला वाचवायला तुझ्या खुणेवर ढकलीन. काळजी करू नको. मी लिहून दिलंय, खूण बरोबरच होती. मी स्वतः चालत गेलो होतो तिच्यावरून. मीच हुकलो."

"तुम्हाला आठवतंय का हुकल्याचं?"

"तेच तर." ते हसल्यासारखे झाले. "मला आठवतंय की रेघ हातभर लांब होती. डोळ्यांसमोर येते. पण तशी नसणार ना? रेघ तुझी, आणि पाइप तर फुटला. म्हणजे मला दिसलं ते खरं नव्हतं. काल डोळे तपासून आलो. डॉक्टर म्हणाला, लांबचं ठीक आहे, वाचायला चष्मा घ्या. घेतला. पण मग सोमवारी मी काय बघत होतो?"

काकू आतून चहा घेऊन आल्या. "आता तूच सांग यांना," त्या मला म्हणाल्या. "वय झालं की होतं असं. मनाला किती लावून घ्यायचं?"

मी चहा प्याले. सबंध कप. काका माझ्यासमोर बसून आपल्याच डोळ्यांवरचा विश्वास काढून टाकत होते, माझ्या रेघेवरचा ठेवून, आणि मी बशीत कप ठेवला, निघते म्हटलं आणि निघाले. काकू दारापर्यंत आल्या, म्हणाल्या, "येत जा. तू आलीस की यांना बरं वाटतं." जिन्यावरून उतरताना मला माझीच शिसारी आली. वर जाऊन सांगावं असं एकदा वाटलं, आणि तरी मी खालीच उतरत राहिले.

त्या रात्री नवऱ्याने काही विचारलं नाही. त्याने विचारलं असतं तर भांडता तरी आलं असतं.

गुरुवारी कचेरीतल्या मागच्या खोलीत आम्ही पाच जण होतो. मोठे साहेब, गॅसकडचा एक इंजिनियर, मुकादम, काका आणि मी. काकांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. साहेबांनी सोमवारचं सगळं वाचून दाखवलं. मग म्हणाले, "यंत्रातली खुणांची नोंद तपासायची आपली पद्धत आहे. पण इथे खुणा रेघबाईंच्या आहेत, त्यामुळे तो वेळ आपण वाचवला. दुरुस्तीनंतर एकदा यंत्र फिरवून पाहिलं, लाइन फोटोतल्या रेघेवरच आहे." त्यांनी कागद काकांच्या पुढे सरकवला. "वाचा आणि सही करा."

काकांनी नवा चष्मा काढला, लावला आणि वाचायला लागले. ओठ हलवत वाचत होते. वाचून झाल्यावर त्यांनी पेन मागितलं. मुकादमाने आपलं दिलं.

"सही करू नका," मी म्हटलं.

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी भांडायला लागणार असं त्यांना वाटलं असावं, साहेबांनी तर खुर्चीत मागे टेकून तयारीच केली. मी यंत्र बरोबर आणलं होतं. त्यात प्रत्येक ठिपक्याची नोंद राहते, कुठे सूर लागला, किती खोल. ते टेबलावर ठेवून मी शुक्रवारची नोंद उघडली. ठिपके, ठिपके, मग चार पावलांची कोरी जागा, मग पुन्हा ठिपके.

"इथे मी यंत्र फिरवलंच नाही. इथे माझी गाडी उभी होती. मी दोरी लावून रेघ मारली. पाइप रेघेवर नव्हता, बाहेर आलेला होता. दुरुस्तीवाल्यांनी नंतर सरळ केला. काकांनी रेघेपासून हातभर सोडूनच खणलं. त्यांनी बरोबर पाहिलं होतं."

इंजिनियरने यंत्र स्वतःकडे ओढून ती कोरी जागा बघितली. साहेब म्हणाले, "आज गुरुवार आहे. सोमवारी मुकादमाने तुम्हाला विचारलं होतं."

"हो."

"मग?"



काकांनी चष्मा काढला आणि विचारलं, "गाडी का नाही काढलीस?"

त्यांना खरंच कळत नव्हतं. काहीतरी मोठं कारण असेल, गाडी बंद पडली असेल, किल्ली हरवली असेल, असं त्यांना वाटत होतं. ते कारण ऐकून मला माफ करायला ते तयार होते, त्यांच्या चेहऱ्यावर ते दिसत होतं.

"सलूनवाल्याने गाडी काढायला सांगितली होती," मी म्हटलं. "मी त्याला म्हटलं होतं, काढणार नाही. मग काढता आली नाही."

मुकादम एरवी असल्या गोष्टीवर आठवडाभर हसला असता. तो खिडकीबाहेर बघायला लागला. काकांनी पेन मुकादमाला परत दिलं.

शिक्षा झाली ती ठीकच झाली. माझ्याकडून यंत्र काढून घेतलं, वर्षभर खुणा करायच्या नाहीत. मला फावडेवाल्यांच्या गटात टाकलं. रेघेच्या बाजूची हातभर जागा हाताने खणायची ती माणसं, ज्यांच्यावर मी एकवीस वर्षं ओरडत आले. त्यांनी मला एक जुनं फावडं दिलं आणि वाकून कसं काढायचं ते दाखवलं. कुणी टोमणा मारला नाही. टोमणे मला चालले असते. सलूनवाल्याकडेही मी जाऊन आले. त्याला गोष्ट समजायला वेळ लागला, आणि समजल्यावर त्याने मला बसायला खुर्ची दिली.

काकांवरचा ठपका गेला. साहेबांनी सगळ्यांसमोर तसं सांगितलं, हात मिळवला. परवाना राहिला, मशीन परत मिळालं. मला वाटलं, निदान ते तरी जागच्या जागी आलं.

पंधरा दिवसांनी आमचा गट काकांच्या मशीनमागे कामाला लागला. रस्ता मोठा होता, मोकळा, खाली विजेची एकच केबल. खुणा दुसऱ्याने केल्या होत्या, लाल रेघ सरळ आणि स्वच्छ. काकांना खणायचं होतं ते तिच्यापासून दोन हात लांब. काका रेघेवरून चालत गेले, परत आले. मग पुन्हा एकदा गेले. मग चढले.

त्यांनी बकेट खाली आणली आणि जमिनीला लागायच्या आधीच थांबवली. वर घेतली. परत आणली. एक थर काढला, मशीन थांबवलं, खाली उतरून खड्ड्याच्या कडेला वाकून बघितलं, वर चढले. दुसरा थर काढला, पुन्हा उतरले. त्या मशीनच्या तीन पायऱ्या उंच आहेत आणि त्यांचे गुडघे दुखतात. तासाभरात त्यांनी एरवी दहा मिनिटांत करतात तेवढं काम केलं. मुकादम दोनदा येऊन बघून गेला.

मी खड्ड्याच्या कडेला फावडं घेऊन उभी होते. सातव्यांदा का आठव्यांदा ते उतरले तेव्हा मला राहवलं नाही. "काका, त्या सोमवारी चूक तुमची नव्हती. तुम्हाला माहितेय ना?"

"माहितेय की," ते म्हणाले. "तू सांगितलंस ना सगळ्यांसमोर." त्यांच्या आवाजात राग नव्हता. मी तो शोधत होते, सापडला असता तर मला बरं वाटलं असतं. "पण चार दिवस मी रोज बसून त्या रेघेवर बकेट नेली. कशी गेली असेल, हात कुठे हुकला असेल. इतक्यांदा नेली, की आता बसलो की तीच दिसते."

ते चार दिवस मी दिलेले होते. पाइप अर्ध्या दिवसात जोडला गेला होता, आणि हे कशाने जोडायचं ते माझ्या कुठल्याच यंत्राला माहीत नव्हतं.

काकांनी पायरीवर एक पाय ठेवला, आणि थांबून माझ्याकडे वळले. लाल रेघेकडे बोट करून त्यांनी, अगदी साधेपणाने, मला विचारलं, "बघ गं जरा. मी बाहेरच आहे ना?"

ते पूर्ण दोन हात बाहेर होते. कुठल्याही आंधळ्याला दिसलं असतं.

"बाहेर आहात, काका," मी म्हटलं. माझ्या शब्दावर विसंबून ते वर चढले.